गळतीखालचं पोवळं

देवळात पिंडीवर गळती लावलेली असली की मी गाभाऱ्यात थांबत नाही. नमस्कार करतो आणि पुढचा थेंब पडायच्या आत बाहेर येतो. बायको म्हणते, तुम्हाला देवापाशीसुद्धा बस चुकायची भीती. तिला मी कारण सांगितलेलं नाही. तांब्याच्या पात्राच्या तळाशी थेंब जमतो, लोंबतो, सुटता सुटत नाही. तेवढ्या वेळात मला सोलापूरच्या भवानी पेठेतली एक खोली दिसते आणि कुणीतरी मला काहीतरी विचारतंय असं वाटतं. त्याचं उत्तर मी एकदा दिलेलं आहे. ते परत घ्यायचं राहून गेलं.

ती खोली शरणप्पा मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापुरातल्या एका गिरणीत ते डाइंग मास्तर होते, सगळं रंगखातं त्यांच्या हाती. मी बार्शीहून बी.एस्सी. होऊन आलो तो त्यांच्याच हाताखाली लागलो, आणि त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. खाली ते आणि त्यांची आई. आईला ते कानडीत अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणू लागलो. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दोन-तीनदा बुडवून बघितलं की. रंग बसला न्हाय."

उंच, थोडे पोक काढून चालणारे, नखांच्या कडेला आठवड्याचा रंग. कपडे मात्र पांढरेशुभ्र. रंगखात्यात सगळीकडे वाफ, शिंतोडे, खाली रंगीत पाण्याचे पाट वाहतायत, आणि त्यातून हा माणूस दिवसभर पांढऱ्या शर्टात हिंडायचा. डाग नाही. "रंगाऱ्याच्या अंगावर डाग दिसला की समजायचं, त्याचं ध्यान दुसरीकडं होतं," असं ते म्हणत. नव्या माणसाची परीक्षा ते त्याच्या बाह्यांवरून करत. माझ्या बाह्या पहिल्या दिवशी जांभळ्या झाल्या होत्या. त्यांनी बघितल्या आणि चहा मागवला.

त्यांचा दुसरा नियम कोऱ्या पट्टीचा. कुठलाही नवा रंग लावून बघताना त्याच कापडाची एक पट्टी कोरी ठेवायची. तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय "बदल झाला" असं म्हणायचं नाही. हा नियम त्यांनी गिरणीबाहेरही पाळला. गुडघे दुखू लागले तेव्हा वैद्यानं दिलेलं तेल ते फक्त उजव्या गुडघ्याला चोळत. अव्वा ओरडायच्या, "अरे डाव्यानं काय पाप केलंय?" मास्तर म्हणायचे, "तो कोरा ठेवलाय."

पोवळ्याचं सगळं प्रकरण माझ्या तोंडून सुरू झालं. अव्वांच्या बोटात लग्नापासूनची पोवळ्याची अंगठी होती, मंगळासाठी घातलेली. एकदा जेवताना शहाणपणा दाखवायला मी म्हणालो, "अव्वा, हा दगड नव्हे. समुद्रातल्या बारक्या जिवांचा हा सांगाडा आहे. म्हणजे हाडच म्हणा."

अव्वांचा हात ताटातच थांबला. अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तरी वळसा घालून जाणारी ती बाई.

"यप्पा! हाड? हाड घालून मी इतकी वर्सं पूजा केली म्हंतोस?"

"हाड न्हवं अव्वा," मास्तर घाईनं म्हणाले. "घर हाय ते. तो जीव चुन्याचं घर बांधतो आणि त्यातच राहतो."

"आणि त्याला मारल्याबिगर हे माझ्या बोटात आलं व्हय?"

अव्वा हात धुऊन उठल्या, साबण लावून अंगठी काढली आणि देवघरातल्या डबीत टाकली. मास्तरांनी ताट बाजूला सारलं. मग आतल्या दिशेनं म्हणाले, "मी तुला जित्तं पवळं दाखवतो. आपल्या घरात वाढलेलं. कुणाला न मारता. मग घालशील?"

"घालीन की," आतून आवाज आला. "पर डोळं हायत तवर दाखव."

डोळ्यांचं खरं होतं. अव्वांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडांनी अंधार येत जाईल आणि शेवटी मधलंही जाईल. इतका वाढल्यावर उपाय नव्हता. मास्तरांना समुद्राचं वेड मुळीच नव्हतं, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. लोक समजत की हा छंद आहे. ती शर्यत होती.

आम्ही मालवणकडे गेलो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात एका कोळ्यानं आम्हाला मूठभर खडक दाखवला, त्यावर तपकिरी साय धरल्यासारखं काहीतरी. हेच जिवंत पोवळं. दुधाच्या मोठ्या किटलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात तो ठेवला. पोवळं गुदमरू नये म्हणून एसटीत सगळी वाट आम्ही आळीपाळीनं सायकलच्या पंपानं किटलीत हवा मारत होतो. कंडक्टर बराच वेळ बघत होता.

"काय हाय त्यात?"

"दगड," मास्तर म्हणाले.

"दगडाला हवा कशापायी?"

"जित्ता हाय."

कंडक्टरनं मास्तरांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यांना कुटं उतरवायचंय?" हे त्यानं हळूच मला विचारलं. गाडीत पुढे वेड्याच्या दवाखान्यावरून बरंच बोलणं झालं.

घरी अव्वांनी किटलीत डोकावून बघितलं. "हे पवळं? ह्यो तर गवरीचा तुकडा हाय."

"लाल असतंय ते खोल समुद्रात. ह्यो त्याचा भाऊबंद."

"गरीब भाऊबंद दिसतोय," अव्वा म्हणाल्या. पण दिवसभर त्या किटलीपाशीच बसून होत्या.

खिडकीच्या काचा लोखंडी चौकटीत लांबी भरून बसवून मास्तरांनी दोन टाक्या केल्या. खडकाचे छिन्नीनं दोन तुकडे केले. घाव घालण्याआधी हात जोडलेले मी बघितले. एक तुकडा प्रयोगाच्या टाकीत, दुसरा कोऱ्या टाकीत. लाइट गेली तर हवा थांबू नये म्हणून ट्रकची एक ट्यूब फुगवून ठेवलेली असे. तिच्या तोंडाला सलाईनची नळी लावली की बुडबुडे चालू. गिरणीच्या चादरी घेऊन कोकणात जाणारा एक ट्रकवाला परतताना आमच्यासाठी समुद्राचं पाणी भरून आणी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडलेला, नळाला एक दिवसाआड पाणी. पेठेतल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि आमच्या दारात ट्रकमधून पाणी उतरतंय, तेही खारं. "मास्तर, पुढच्या टायमाला लाटापण आणा की," असं कुणीतरी ओरडायचं. मास्तर हसून मान डोलवायचे.

अव्वांना त्यांनी आरशाचं काम दिलं होतं. अंगणात आरसा ठेवून ऊन खोलीतल्या टाकीवर पाडायचं, आणि सूर्य सरकेल तसा आरसा सरकवायचा. आरशातलं ऊन त्यांना नीट दिसत नसे. त्या टाकीच्या काचेवर तळवा ठेवायच्या. काच ऊन लागून तापली की म्हणायच्या, "बसलं."

अडचण एकच होती. पोवळं वर्षभरात नखाएवढं वाढतं. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मास्तरांनी काय काय केलं! ऊन दुप्पट केलं, तर पोवळं फिकुटलं. पाणी कोमट केलं, तर ते आकसलं. जिवाला खायला हवं म्हणून शेंगदाण्याचं दूध काढून टाकीत घातलं. सोलापूरकराला अशक्तपणावर दुसरं औषध सुचत नाही. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की शेजारचा किराणावाला नाक धरून दारात आला.

शेवटी वाट अव्वांनीच दाखवली. त्या पानाला चुना लावत बसल्या होत्या. "घर चुन्याचं बांधतो म्हणालास न्हवं? मग त्याला चुना दे की. गवंड्याला नुसतं ऊन दाखवून भिंत होती व्हय?"

मास्तर उठून उभे राहिले. खायच्या चुन्याची निवळी, म्हणजे चुना तळाशी बसल्यावर वर राहिलेलं नितळ पाणी, त्यांनी टाकीत ओतली, तर सगळं पाणी दुधासारखं पांढरं. थोडी ओतली तरी तेच.

"एकदम वतू नये रे," अव्वा म्हणाल्या. "महादेवावर गळती धरतात तशी धर. थेंब थेंब."

मास्तरांनी लहान मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात वात घातली आणि मडकं टाकीवर टांगलं. थेंब पडू लागला, आणि पाणी स्वच्छ राहिलं. रोज सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत मडक्यात निवळी भरायची. हे काम अव्वांनी कुणाला करू दिलं नाही.

वाढ कळावी म्हणून मास्तरांनी आणखी एक गोष्ट केली. नायलॉनचा दोरा लाल रंगवला, रंगाचा कणही उतरेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा उकळला, आणि तो दोन्ही टाक्यांत खडकाभोवती, पोवळ्याच्या कडेला लागून बांधला. पोवळं पसरेल तसं ते दोऱ्यावर चढेल, दोरा बुजत जाईल. तपकिरीवर लाल तेवढं अव्वांना अजून दिसत होतं. रोज त्या नाक काचेला लावून बघत आणि सांगत, "दिसतोय."

उन्हाळा सरता सरता चुन्याच्या टाकीत दोऱ्याचा एक तुकडा खरोखर बुजला. मी भिंगातून बघितलं. तपकिरी साय त्याच्यावरून पलीकडे गेली होती. कोऱ्या टाकीत दोरा होता तसाच. मास्तर त्या दिवशी गिरणीत पेढे घेऊन आले आणि कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी अव्वा काचेपाशी वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "दोरा दिसत न्हाय. सगळा बुजला की रे!"

तीन बाजूंनी दोरा लालभडक दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. कोऱ्या टाकीतला तुकडा काढून चुन्याच्या टाकीत घातला आणि कोरी टाकी रिकामी केली. "दोन्ही तुकडं मिळून लवकर पसरतील," म्हणाले. मी म्हणालो, "मास्तर, कोरी पट्टी?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता ताडून कुणाला बघायचंय?"

श्रावणात वळसंगला त्यांचे चुलते वारले. ते गावी गेले, टाकी माझ्यावर सोपवून. दुसऱ्या सकाळी मडक्याला चीर गेली आणि निवळी बाहेरून ओघळू लागली. मी नवं मडकं आणायला निघालो होतो. अव्वा म्हणाल्या, "थांब. देवघरात वर अभिषेकाचं पात्र हाय. तांब्याचं. माझ्या सासूचं. ते काढून दे." त्यांनी ते चिंचेनं घासून लख्ख केलं. श्रावणी सोमवार होता. "देवाचं पात्र हाय. आता कसं झपाझप वाढंल बघ." मी स्टुलावर चढलो आणि ते माझ्या हातांनी टाकीवर टांगलं.

मी रसायनाचा पदवीधर. मोरचूद म्हणजे तांब्याचंच, आणि त्यानं पाण्यातले बारके जीव मरतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते पात्र माझ्या डोळ्यांना तांबं दिसलंच नाही. देवाची वस्तू दिसली. बुडबुड्यांचं खारं पाणी उडून त्याच्या तळाशी हिरवी कड धरली, तीही मला चिंचेचा डाग वाटली.

मास्तर आले तेव्हा पोवळं पांढरं पडलं होतं. साय गळून पाण्यात तरंगत होती. त्यांनी आधी टाकीकडे बघितलं, मग वर. पात्राच्या तळाला बोट लावलं आणि ते बोट बराच वेळ बघत राहिले.

आतून अव्वांचा आवाज आला. "आलास? गळती बघितलीस का? मीच लावायला लावली. दिगूनं टांगली."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं केलंस अव्वा," म्हणाले. "लई बेस केलंस."

मला त्यांनी अंगणात नेलं. मी रडकुंडीला आलो होतो, बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "तिला कळता कामा नये. तिच्या हातून जीव गेला, हे तिला सोसायचं न्हाय. एवढंच बघ."

"पात्र उतरवू?"

"रोज हातानं भरती ती. उतरवलंस तर विचारंल की."

म्हणून पात्र तिथेच राहिलं. मेलेल्या पोवळ्यावर चुन्याचा थेंब पडत राहिला. टाकीचं पाणी मास्तर बदलत, बुडबुडे चालू ठेवत. हळूहळू काचा आतून चुन्यानं पांढऱ्या झाल्या आणि आतलं काही दिसेनासं झालं. मला वाटतं, ते मास्तरांनी मुद्दामच होऊ दिलं. त्या टाकीत ते बघत नसत. रोज गिरणीतून आले की पाठ टाकीकडे करून बसत आणि अव्वांना सांगत, आज ह्या बाजूला इतकं चढलं, आज त्या बाजूला. त्यांचा आवाज इतका खरा असे की वर जिन्यात थांबून ऐकताना मलाही पोवळं वाढताना दिसे.

मला त्यांनी कधी एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. गिरणीत ते माझ्या बाह्या बघायचे आणि चहा मागवायचे, पूर्वीसारखंच.

मग एका दुपारी मास्तर गिरणीत असताना, मी घरी होतो, तेव्हा अव्वांनी हाक मारली. त्या टाकीपाशी पाटावर बसल्या होत्या, समोर कापूस, वाती वळत. डोळे आता पूर्ण गेले होते.

"दिगू, हितं बस. एक सांग. माझं पोरगं माझ्या मनासारखं बोलतंय. तू शिकलेला हाईस, तू खरं बोल. दोरा दिसतोय का तुला?"

मी वरून टाकीत बघितलं. पांढऱ्या सांगाड्यावर दोरा इतका लाल कधीच दिसला नव्हता. मास्तरांचा पक्का रंग.

"नाही अव्वा," मी म्हणालो. "बुजला."

"सगळा?"

"सगळा."

त्यांची वाती वळणारी बोटं थांबली नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं," आणि डब्यातली शेंगापोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती वर नेली. खाल्ली नाही. टाकलीही नाही. मुंग्या लागेपर्यंत ती कोनाड्यात होती.

अव्वा त्या थंडीत गेल्या, झोपेत. सगळं आटोपल्यावर काही दिवसांनी मास्तरांनी मला खाली बोलावलं. "टाकी उतरवू या," म्हणाले. मी गळतीचं पात्र खाली घेतलं. त्यांनी बाही वर सारून हात पाण्यात घातला आणि तळाशी बसलेल्या चुन्यातून खडकाचा पहिला तुकडा वर काढला. काढताना थबकले.

खडकाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या, लाल दोऱ्याच्या गाठीची दोन टोकं उरली होती. त्या टोकांना अव्वांची अंगठी बांधलेली होती. दोन गाठी, घट्ट, वातीला पीळ देणाऱ्या हाताच्या. अंगठीवर चुन्याचं पातळ पुट चढलं होतं. त्यातून लाल दिसत होतं.

बोटांनी दोरा सापडल्याशिवाय ती गाठ मारता आली नसती. आणि दोऱ्यापर्यंत पोचलेला हात पोवळ्यावरून फिरल्याशिवाय राहिला नसता. जिवंत पोवळं बुळबुळीत लागतं. मेलेलं खडूसारखं.

"तुला विचारलं होतं काय तिनं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"काय सांगितलंस?"

"बुजला म्हणून."

त्यांनी मान हलवली. "मी पण तेच सांगत होतो."

अव्वांनी ती अंगठी कधी बांधली, हे मला कधीच कळणार नाही. मी "बुजला" म्हणालो त्याच्या नंतर, की आधीच? आधी असेल, तर त्यांनी मला सुटायची एक संधी दिली होती आणि माझ्या तोंडाकडे कान लावून त्या वाट बघत बसल्या होत्या. आज इतकी वर्षं झाली, माझ्या पोराला नोकरी लागली, तरी मी त्या पाटासमोर बसलेला आहे आणि त्या म्हणतायत, सगळा?

मास्तरांनी अंगठी सोडवली नाही. खडक होता तसाच, त्याच बाजूनं, परत पाण्यात ठेवला. "दिगू, निवळी आण," म्हणाले. मी आणली. त्यांनी पात्र स्वतः टांगलं आणि भरलं. महिन्याभरानं मी दुसऱ्या गिरणीत नोकरी धरून सोलापूर सोडलं. निघताना सांगायला गेलो, तेव्हा ते टाकीपाशी उभे होते. या वेळी पाठ करून नव्हे. वाकून, काचेला नाक लावून, अव्वा लावायच्या तसं. वरून गळतीचा थेंब टाकीच्या काठावर टेकवलेल्या त्यांच्या बाहीवर पडत होता. पांढऱ्या शर्टावर हिरवट निळा डाग मनगटापासून कोपरापर्यंत पसरला होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.